कंसातलं नाव

शुक्रवारी दुपारी कडवे वाल सोलायला बसले आणि लक्षात आलं, हा पीनहास पराशेचा आठवडा. दरवर्षी हे असंच जुळून येतं. बाहेर जुलैचा पाऊस, परातीत कोमट पाण्यातले मोड आलेले वाल, आणि संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आत सगळं उरकायची घाई. वाल दोन बोटांत धरून हलकेच दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन परातीत पडते. या कामात माझ्या आत्याचा हात कोणी धरू शकत नसे. ती बोलत बोलत सोलायची, आणि बोलणं थांबलं तरी बोटं थांबायची नाहीत. एकदाच थांबली होती. ते आज लिहायचंय.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. गावोगाव तेलाचे घाणे चालवले, शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, मात्र घाणा बंद. म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर. माझे वडील रेल्वेत कारकून होते, ठाण्यात आयुष्य गेलं, पण आमच्या आजोबांची वाडी अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या आत एका गावात होती. चौदा गुंठे, एक विहीर, नारळ आणि थोड्या पोफळी. ही वाडी लक्षात ठेवा.

पराशा म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझे बरेच वाचक यहुदी नाहीत. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. ती हातानं चर्मपत्रावर लिहिलेली असते, गुंडाळीसारखी, आणि सिनेगॉगमध्ये वर्षभरात पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचली जाते. त्यासाठी तिचे ५४ भाग केलेत. दर शब्बाथला एक पराशा, कधी कधी दोन जोडून. पराशेचं नाव तिच्या सुरुवातीच्या शब्दांतून घेतात. बेरेशीथ, नोहा, लेख लेखा, असं करत करत वर्ष संपतं. सिम्हाथ तोराच्या सणाला मोशेच्या मृत्यूपर्यंत वाचून होतं आणि त्याच दिवशी पुन्हा जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात. शब्बाथच्या सकाळी सात जणांना एकामागून एक तोरापाशी बोलावतात, पहिला कोहेन म्हणजे याजकांच्या घराण्यातला, दुसरा लेवी वंशातला, मग बाकीचे. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, नुसती व्यंजनं. वाचणाऱ्यानं स्वर आणि चाल पाठ करून यायचं असतं.

म्हणजे आमच्या प्रत्येक आठवड्याला एक नाव असतं. काका १९७३ साली इस्राएलला गेले, दिमोनाला. तिथून येणाऱ्या त्यांच्या निळ्या पत्रांवर वर तारीख नसायची. "शब्बाथ मिकेत्स", "शब्बाथ यिथ्रो" असं लिहिलेलं असायचं. आई त्यावरून ओळखायची की पत्र किती दिवस वाटेत होतं. यहुद्यांत पत्रावर असा आठवडा घालायची पद्धत फार जुनी आहे.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या, आमच्या धर्मपंडितांच्या, जुन्या चर्चांच्या ग्रंथात एक सांगणं आहे: प्रत्येकानं समाजाबरोबर दर आठवड्याची पराशा घरी पुरी करावी, दोनदा मूळ आणि एकदा भाषांतर. त्या काळात भाषांतर म्हणजे अरामी, लोकांची रोजची बोली. बाबांची रोजची बोली मराठी. म्हणून ते हिब्रू दोनदा तोंडातल्या तोंडात पुटपुटत वाचायचे आणि मग मराठी पवित्र शास्त्र उघडून तोच भाग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचे. आई स्वयंपाकघरात, मी आणि धाकटी बहीण जमिनीवर, आणि पनवेलहून आत्या आलेली असली तर ती परात घेऊन उंबऱ्यापाशी. नावंसुद्धा आम्हाला मराठी शास्त्रातलीच तोंडात बसलीत. दर्शनमंडप, वतन, भाऊबंद, हे शब्द मी शाळेच्या पुस्तकात नंतर वाचले, घरी आधी ऐकले.

सगळ्याच पराशा काही गोष्टींच्या नसतात. लेवीय या पुस्तकातल्या होमार्पणांच्या आणि त्वचेच्या चट्ट्यांच्या आठवड्यांत आम्ही दोघी बहिणी पेंगायचो. नोहाचा पूर यायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमचा पाऊस परतून गेल्यावर. तेव्हा धाकटी म्हणायची, "बाबा, हा जूनमध्ये वाचायला हवा." योसेफच्या गोष्टीचे आठवडे डिसेंबरात, हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या आगेमागे, आणि ते सगळ्यांत लाडके. आमच्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मराठी कीर्तनं रचली गेली, त्यांत योसेफाचं आख्यान होतं. आजीला त्यातल्या ओळी येत. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं तिथे तिचा आवाज दरवेळी फाटायचा, जसं काही ते आत्ताच घडतंय.

पीनहास ही पराशा मात्र लहानपणी मला आवडायची नाही. तिची सुरुवातच भाल्यानं होते. मोशेचा भाऊ अहरोन याचा नातू पीनहास यानं आदल्या पराशेच्या शेवटी एका पुरुषाला आणि एका बाईला भाला आरपार खुपसून मारलेलं असतं, आणि इथे देव त्याला आपला शांतीचा करार देतो. मला ते आजही पचत नाही. बाबांनाही पचायचं नाही. पण त्यांनी त्यांच्या हुम्माशमध्ये, म्हणजे पुस्तकरूपात छापलेल्या तोरामध्ये, मला दाखवलं होतं की 'शालोम' या शब्दातलं वाव हे अक्षर तिथे मधोमध तुटलेलं लिहितात. उभी दांडी, मध्ये फट. "भाल्यानं आणलेली शांती अखंड नसते, असं काही जण सांगतात," ते म्हणाले. आणि लगेच पुढे, "पण जुनी माणसं असंही सांगतात की पीनहास म्हणजेच एलियाहू हन्नाबी." हे ऐकल्यावर घरात कोणी पीनहासला नावं ठेवायचं नाही. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, आमच्या प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी घरी येणारा पाहुणा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा आहे.

भाल्यानंतर शिरगणती येते. कुळामागून कूळ, आकड्यांमागून आकडे, एकूण ६,०१,७३० पुरुष. या माणसांना देश वाटून द्यायचा आहे. आणि या लांबलचक यादीच्या मध्येच एक बारीकशी ओळ: हेफेरचा मुलगा सलाफहाद याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्यांची नावं महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

बाबा इथे वाचन थांबवून आम्हा दोघींकडे बघायचे. त्यांनाही मुलीच होत्या.

पुढच्या अध्यायात त्या पाच जणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या तंबूच्या, दाराशी येतात. तिथे मोशे आहे, एलाजार याजक आहे, सरदार आहेत, सगळी मंडळी आहे. म्हणजे आजच्या भाषेत भर ग्रामसभेत पाच बहिणी उभ्या राहिल्या. त्या म्हणतात, आमचे वडील रानात वारले. कोरहाच्या बंडात ते नव्हते, ते आपल्या पापानं मेले, आणि त्यांना मुलगा नव्हता. मुलगा नाही म्हणून आमच्या वडिलांचं नाव कुळातून का पुसलं जावं? त्यांच्या भाऊबंदांत आम्हालाही वतन द्या.

'आपल्या पापानं' म्हणजे कोणत्या? रब्बी अकिवा सांगतात, शब्बाथला लाकडं गोळा केली म्हणून ज्याला रानात मृत्युदंड झाला तो हाच. त्यावर रब्बी यहूदा बेन बथेरा त्यांना दटावतात: तुझं खरं असेल तर तोरानं जे झाकून ठेवलं ते तू उघडं केलंस, आणि खोटं असेल तर एका सज्जनाला बट्टा लावलास. हा शेरा बाबांना फार प्रिय. आमच्या नातलगांत कुणाच्या मागे काही बोलणं निघालं की ते एवढंच म्हणायचे, "अकिवा, अकिवा."

तालमूदमध्ये या बहिणींना हुशार, शास्त्राचा अर्थ लावणाऱ्या आणि सत्शील म्हटलंय, आणि त्यांच्या हुशारीचा पुरावाही दिलाय. मोशे त्या वेळी असा नियम शिकवत होता की एखादा माणूस निपुत्रिक मेला तर त्याच्या भावानं त्याच्या विधवेशी लग्न करून वंश चालवावा. बहिणी म्हणाल्या, आम्ही मूल म्हणून मोजल्या जात असू तर आम्हाला वाटा द्या. मोजल्या जात नसू तर आमचे वडील निपुत्रिक ठरतात, मग आमच्या आईचं लग्न काकांशी लावा. दोन्हीतलं एक काहीतरी बोला. मला हा मुद्दा जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा नव्यानं आवडतो. यात रडणं नाही, विनवणी नाही. त्यांनी नियमालाच नियमासमोर उभं केलंय.

आणि मोशेला उत्तर येत नाही. ज्यानं सीनाय पर्वतावर चाळीस दिवस काढले तो इथे अडतो, आणि त्यांचं प्रकरण देवापुढे नेतो. देव म्हणतो, सलाफहादाच्या मुली बरोबर बोलतात. मग कायदा होतो: मुलगा नसेल तर वतन मुलीला, मुलगी नसेल तर भावांना, ते नसतील तर वडिलांच्या भावांना, तेही नसतील तर जवळच्या नातलगाला.

"मोशेने त्यांचे प्रकरण" या जागी बाबा पुन्हा हुम्माश पुढे ओढायचे. मूळ शब्द आहे 'मिश्पातान', त्यांचा न्याय. त्यातलं शेवटचं अक्षर, नून, गुंडाळीत मोठं लिहायची परंपरा आहे. शब्दाच्या शेवटी येणारं नून म्हणजे एक सरळ काठी, ओळीच्या खाली उतरणारी. इथे ती काठी शेजारच्या अक्षरांपेक्षा ठळक आणि लांब, जणू कोणी पान उघडताना मुद्दाम बोट ठेवलंय. आणि हे नूनच सांगतं की 'त्यांचा' म्हणजे त्या बायकांचा. पुरुष असते तर तिथे मेम आलं असतं. मराठीत आपण 'त्यांचा' म्हणतो आणि ते बाप्यांचं की बायकांचं हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठी शास्त्र कितीही नीट वाचलं तरी हे अक्षर त्यात दिसणार नाही. म्हणून मूळ दोनदा वाचायचं, असं बाबा म्हणायचे.

१९९६ चा जुलै. शुक्रवारची दुपार, मुसळधार पाऊस, लोकल बंद पडायच्या बेतात, म्हणून आत्या आदल्या दिवशीच येऊन राहिलेली. बाबा निवृत्त झाले होते. त्यांनी नेहमीसारखं वाचलं, नून दाखवलं, मुली बरोबर बोलतात हे वाक्य जरा जास्तच जोरात म्हटलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, माहेरी आलेली. आत्या बाबांहून मोठी. तिची बोटं थांबली. परातीकडे बघतच ती म्हणाली,

"त्या पोरींना भाऊ नव्हता म्हणून मिळालं रे. मला दोन होते."

बाबांनी पुस्तक मिटलं नाही, पुढेही वाचलं नाही. आईनं गॅस बारीक केला. थोड्या वेळानं आत्यानं पुन्हा सोलायला घेतलं आणि पावसाविषयी काहीतरी बोलली. संध्याकाळी दिवे लागले, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, झाला, बाबांचा आवाज बसला होता.

त्या रात्री आईकडून मला कळलं. आजोबा १९७१ साली वारले. वारस म्हणून तिघांची नावं लागली, आत्या, काका, बाबा. मग गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, पोरगी दिल्या घरी सुखी आहे, तिला कशाला त्यात अडकवता. आत्याला अलिबागला नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि परत येताना एक नऊवारी आणि चोळीचं कापड घेऊन दिलं. ती काही बोलली नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

आपल्याकडे हे घरोघर झालंय. जातधर्म कुठलाही असो, बहिणीनं हक्क सोडणं हे प्रेमाचं लक्षण आणि हक्क मागणं म्हणजे माहेर तोडणं, असंच आपण मुलींना वाढवलं. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. आम्हा यहुद्यांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी असा फरकच नाही. म्हणजे आजोबा गेले त्या दिवशी आत्याचा वाटा बाबांच्या वाट्याइतकाच होता. तोराच्या कायद्यानं तिला काही मिळत नव्हतं, देशाच्या कायद्यानं मिळत होतं, आणि तो तिच्याकडून एका साडीत काढून घेतला गेला.

मला त्या वयात बाबांचा राग आला. त्या पाच बहिणींचं कौतुक करत ते पंचवीस वर्षं ही पराशा वाचत होते, आणि त्यांची स्वतःची बहीण समोर वाल सोलत होती.

पुढच्या शब्बाथला मत्तोथ आणि मसे या दोन पराशा जोडून होत्या. मसेच्या शेवटी त्याच बहिणींचा उरलेला भाग येतो. आता त्यांच्या कुळातले पुढारी मोशेकडे येतात. या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीनही त्या वंशात जाईल, मग आमचं काय? आणि निकाल येतो तो अगदी त्याच शब्दांत: योसेफाचे वंशज बरोबर बोलतात. मुलींनी मनाला येईल त्याच्याशी लग्न करावं, फक्त आपल्या वंशात. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात आणि गणनेचं पुस्तक संपतं. नावं पुन्हा दिली आहेत, पण क्रम बदललाय: महला, तिरसा, होग्ला, मिल्का, नोआ. राशी हा भाष्यकार सांगतो की एका जागी वयाचा क्रम आहे, दुसऱ्या जागी शहाणपणाचा, आणि क्रम बदलला तो सगळ्या सारख्याच तोलाच्या होत्या म्हणून.

बाबांनी हा भाग त्या वर्षी वाचला, पण फार हळू. आत्या परत पनवेलला गेली होती.

मग बिरड्याचा रोजा आला. आव महिन्याची नववी तारीख, दोन्ही मंदिरं पडल्याचा उपास. आमची जुनी माणसं त्या दिवसांत वालाचं बिरडं खायची म्हणून त्याला हे नाव. आणि त्यानंतर सहा दिवसांनी आवची पंधरावी, आनंदाचा दिवस. तो आनंदाचा का, याची जी कारणं तालमूद देतं त्यात एक हे आहे: त्या दिवशी एका वंशाच्या मुलींना दुसऱ्या वंशात लग्न करायची मोकळीक मिळाली. सलाफहादाच्या मुलींवर घातलेली अट फक्त त्या पिढीपुरती होती, असं रब्बींनी ठरवलं. म्हणजे पराशेत पाच जणींवर जे बंधन पडताना आपण ऐकतो, ते सुटल्याचा दिवस काही आठवड्यांतच येतो. हे मला बाबांनी सांगितलं नव्हतं. नंतर मी स्वतः वाचत गेले तेव्हा सापडलं.

त्या पंधरावीच्या दुसऱ्या दिवशी बाबा कुणालाही न सांगता अलिबागला गेले. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात. एसटीनं पेणमार्गे गेले. रात्री भिजून परत आले आणि जेवताना आईला म्हणाले, "हक्कसोड रद्द होत नाही म्हणतात. पण माझ्या वाट्यातलं मी देऊ शकतो."

त्याला दीड वर्ष लागलं. काकांना पत्र गेलं, उत्तर यायला चार महिने, आणि त्यात फक्त तब्येतीची चौकशी. मग बाबांनी आपल्याच हिश्शातून अर्धा आत्याच्या नावे करायचं ठरवलं. कागद करणाऱ्यानं विचारलं, बहीण भावाला सोडते हे पाहिलंय, भाऊ बहिणीला देतो हे कुठून काढलंत? बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याबरोबर गेले होते. ते म्हणाले, "देत नाहीये. परत करतोय."

पण कागदावर शब्द होता 'बक्षीसपत्र'. आत्यानं तो वाचला आणि सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "बक्षीस नको मला," ती म्हणाली. बाबा तिच्या शेजारच्या बाकावर बसले. सरकारी कचेरीतला बाक, पंखा चालू, बाहेर नंबर पुकारताहेत. ते म्हणाले, "ताई, कायद्यात याला दुसरा शब्द नाही. शास्त्रात आहे. वतन. तू तसं वाच." तिनं कागद पुन्हा हातात घेतला, सगळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग सही केली. सहीत तिनं माहेरचं आडनावही लिहिलं. तसं लिहायचं नव्हतं. कारकुनानं ते खोडून वर आद्याक्षरी करायला लावली.

पुढच्या महिन्यात पनवेलला तिनं मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं आणि सुकामेवा, मध्ये ताट ठेवून एलियाहू हन्नाबीचं गाणं. नारळ वाडीतले होते. तिनं स्वतः मोजून आणले होते.

आता आत्याही नाही, बाबाही नाहीत. धाकटी अश्केलोनला असते. मी अजून टेंभी नाक्यावरच्या आमच्या सिनेगॉगमध्ये जाते, शआर हशामाइम, १८७९ सालचं. पीनहासच्या शब्बाथला शक्यतो चुकवत नाही. वर बायकांच्या सज्जात बसून तोरा वाचणारे हज्जान त्या अध्यायापर्यंत कधी येतात याची वाट बघते. पाच नावं येतात तेव्हा मी ओठांनी तीही म्हणते.

गोष्ट तिथे संपली असं समजू नका. यहोशवाच्या पुस्तकात, जमिनीची वाटणी होते तेव्हा, त्या बहिणी पुन्हा पुढे येतात. एलाजार, यहोशवा आणि सरदारांसमोर उभ्या राहून सांगतात की आमच्या भाऊबंदांत आम्हाला वतन द्यायची आज्ञा देवानं मोशेला दिली होती. देवाचा निकाल हातात, तरी पुन्हा दारात जाऊन आठवण द्यावी लागली. ज्यांनी वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे चार-चार फेऱ्या मारल्यात त्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि त्यांना जमीन मिळाली, याची एक खूण मातीत सापडली. १९१० साली सामरियाच्या उत्खननात, जिथे इस्राएलच्या राजांची राजधानी होती तिथे, शाईनं लिहिलेली खापरं निघाली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली. राजवाड्यात आलेल्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या बुधल्यांच्या त्या नोंदी, कुठल्या भागातून आलं ते लिहिलेलं. त्या भागांच्या नावांत नोआ आहे, होग्ला आहे. वडिलांचं नाव पुसू नये म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या. शतकांनंतर त्या मुलखातून तेल निघत होतं आणि कारकून खापरावर त्यांची नावं लिहीत होता. हे वाचलं तेव्हा मला आमचे घाणेवाले पणजोबा आठवले, आणि बाबांना हे सांगायचं राहिलं याचं फार वाईट वाटलं.

बाबांचा हुम्माश माझ्याकडे आहे. पीनहासच्या पानात त्यांनी वाडीच्या सातबाऱ्याची झेरॉक्स घडी करून ठेवलीय, हातानं लिहायच्या काळातली. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना माहीत असेल, एखाद्याचा हक्क गेला की त्याचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. नाव दिसतं, पण कंसात. आमच्या उताऱ्यावर वरून तिसऱ्या ओळीत आत्याचं नाव आहे, दोन्ही बाजूंना कंस, शेजारी वर्तुळात हक्कसोडीचा फेरफार क्रमांक. मग काका, बाबा. आणि सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात, नवा फेरफार क्रमांक आणि पुन्हा आत्याचं नाव. पूर्ण नाव, कंसाशिवाय. लिहिणाऱ्याला जागा कमी पडली असावी, शेवटचं अक्षर चौकटीच्या रेघेखाली उतरलंय.

वाल सोलून झाले. सव्वासहा वाजलेत, दिवे लावायला हवेत.